हा सूर कोणाचा?

आमच्या गावच्या देवळात श्रावणात भजनी सप्ताह बसतो. नाव सप्ताह, पण भजन चोवीस तासांचं. वास्कोच्या दामोदराचंही तसंच, फक्त तिथे अर्धा गोवा लोटतो आणि आमच्याकडे डिचोली तालुक्यातली चार गावं. समई लागली, पहिला टाळ वाजला, की दुसऱ्या दिवशी त्याच घटकेपर्यंत नाद तुटू द्यायचा नाही, एवढा एकच नियम. पथकं तासा-दोन तासांनी बदलतात. उठणाऱ्याच्या हातातला टाळ बसणाऱ्याने वाजता वाजताच घ्यायचा. लहानपणी मला भजनापेक्षा ही अदलाबदलच बघायला आवडायची. रात्री तीनच्या सुमारास, बाहेर पाऊस कौलं फोडत असताना, एक अख्खं पथक उठून दुसरं बसायचं आणि डोळे मिटून ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

पत्ता लागायचा तो तंबोऱ्यावरून.

तंबोरा बाबांच्या ताब्यात. मिरजेचा, देवस्थानाच्या मालकीचा, पण वर्षभर मुक्काम आमच्या माजघरात. टाळ कुणीही उचलावा, पेटीचे सूर कारखान्यातून ठरून आलेले, पखवाजाला कणीक लावून दोन ठोके दिले की तो तयार. तंबोऱ्याची मात्र मिजास. एका बुवांची पट्टी काळी एक, दुसऱ्यांची पांढरी दोन. खुंट्या पिळा, मग मणी सरकवा, मग जवारीचा दोरा चिमटीत धरून इकडेतिकडे करा. श्रावणातल्या दमट हवेत लावलेली तार तुमच्या डोळ्यांदेखत उतरते. त्यात एखाद्या बुवांनी मालकंस धरायचा म्हटला, तर पहिली तार पंचमावरून मध्यमावर आणायची. पाच-सात मिनिटं सहज जातात. आणि निम्म्या पथकांना तंबोरा लागायचाच नाही, त्यांचं पेटीवर भागायचं. म्हणून बाबांचा शिरस्ता ठरलेला: पथक बदललं म्हणून तंबोऱ्याला हात लावायचा नाही. मागितला, तर जुळवायचा.

तोवर तो खांबाला टेकून उभा असायचा, शेवटच्या बुवांचा सूर पोटात घेऊन. बाबा येता-जाता तार छेडायचे आणि मला विचारायचे, "हो सूर कोणाचो?" (आमच्याकडे बोलायचं कोंकणीत आणि भजायचं-लिहायचं मराठीत, ही जुनी वाटणी आहे. त्यावर गोव्यात पुष्कळ भांडून झालंय, मी इथे नव्याने सुरू करत नाही.) मी ओळखायचो. चार तारांच्या लागण्यावरून आधी कोण गाऊन गेला ते बरोबर कळायचं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

आता मी त्याच घराच्या वसरीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि जे काम करतो ते बाबांना तीनदा समजावून झालं आहे. एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारा जो थर असतो, हायपरव्हायजर, त्याचा एक कोपरा माझ्याकडे आहे. आभासी मशीनला म्हणायचं गेस्ट, खालच्या खऱ्याला होस्ट. गोव्यात गेस्ट म्हटलं की कांदोळीची खोली आणि कठड्यावर वाळत घातलेले टॉवेल. मी कुठल्यातरी हॉटेलांच्या बुकिंगचं काम करतो, असंच बाबा बरीच वर्षं लोकांना सांगत होते. त्यांना खरं काम समजलं ते तंबोऱ्यावरूनच.

प्रोसेसरकडे अगदी हाताशी ठेवलेल्या थोड्या जागा असतात, रजिस्टरं. चालू हिशेबाचे आकडे तिथे असतात. एका प्रोग्रॅमला उठवून दुसऱ्याला बसवायचं, तर पहिल्याचे आकडे मेमरीत जपून ठेवायचे आणि दुसऱ्याचे आणून मांडायचे. साधी रजिस्टरं आपल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर सोळा, प्रत्येकी आठ बाइट, म्हणजे सगळी मिळून १२८ बाइट. हे टाळ. वाजता वाजता हातोहात जातात.

पण याच प्रोसेसरवर वेक्टर रजिस्टरं असतात, एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करणारी, आणि ती तीस वर्षांत फुगत गेली आहेत. १९९७ मध्ये एमएमएक्स हा वेक्टर आज्ञांचा संच आला तेव्हा इंटेलने एक काटकसरी युक्ती केली होती. नव्या रजिस्टरांना वेगळी जागा न देता ती दशांशाच्या गणितासाठी असलेल्या जुन्या रजिस्टरांवरच बसवली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला काही नवीन जपायला नको. जुन्याच खुंट्यांवर नवी तार. १९९९ मध्ये एसएसई आलं, वेगळी १२८ बिटांची रजिस्टरं घेऊन, आणि ही सोय संपली. २०११ मध्ये एव्हीएक्सने रुंदी २५६ केली. मग ५१२ बिटांचा अवतार आला: बत्तीस रजिस्टरं, प्रत्येकी ६४ बाइट, म्हणजे २,०४८ बाइट. आणि मॅट्रिक्सच्या गुणाकारांसाठी अलीकडे ज्या 'टाइल' आल्या, त्या एकट्याच ८ किलोबाइट. १२८ बाइटांच्या टाळांशेजारी हा केवढा भोपळा उभा राहिला, बघा.

गंमत अशी की गेस्ट आत-बाहेर होताना प्रोसेसर स्वतः बरंच काही बदलून देतो, पण वेक्टर रजिस्टरांना तो हातही लावत नाही. इंटेलच्या यंत्रणेत गेस्टमधून बाहेर पडलं की गेस्टच्या तारा जशा लावलेल्या असतील तशाच राहतात. त्यांचं काय करायचं ते सॉफ्टवेअरने बघावं. लिनक्समधला हायपरव्हायजर म्हणजे केव्हीएम, जे फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीतून आलं, ते इथे चाणाक्षपणा करतं. गेस्ट सेकंदाला हजारो वेळा क्षणभर बाहेर येतो: कधी टायमर वाजला, कधी मेमरीचं एखादं पान हवं होतं. तेवढ्यासाठी दोन-तीन किलोबाइट उचलून ठेवायचे आणि परत मांडायचे म्हणजे वेडेपणा. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एरवी स्वतः वेक्टर वापरत नाही, म्हणून गेस्टचे सूर तसेच ठेवून तो आपलं काम उरकतो आणि गेस्टला परत आत पाठवतो. कर्नलमधल्याच कुणाला, समजा एन्क्रिप्शनसाठी, वेक्टर लागलेच, तर त्याने आधी सांगून, चालू सूर जपून, मग हात लावायचा. पूर्ण अदलाबदल होते ती गेस्टचा कारभार बघणाऱ्या प्रोग्रॅमकडे, बहुधा क्यूएमयूकडे, परत जाताना किंवा प्रोसेसर दुसऱ्याच कुणाला द्यायचा झाला तर.

म्हणजे क्षणोक्षणी प्रश्न एकच: आत्ता या प्रोसेसरच्या रजिस्टरांत जे आहे, ते कोणाचं?

लिनक्स याची नोंद दोन ठिकाणी ठेवतो. प्रत्येक प्रोसेसरपाशी लिहिलेलं असतं की इथे शेवटचा कोण होता, आणि प्रत्येक प्रोग्रॅमपाशी लिहिलेलं असतं की मी शेवटचा कुठे होतो. दोन्ही जुळले तरच रजिस्टरांतलं खरं मानायचं, नाहीतर मेमरीतून पुन्हा आणायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या घराचा एक-चौदाचा उतारा आठवला. जमीन पायाखाली आहे म्हणून ती तुमची होत नाही. उताऱ्यावर नाव पाहिजे, आणि ज्याचं नाव आहे त्याला ते ठाऊकही पाहिजे. आमच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. असो.

बाबांचा शिरस्ता संगणकातही होता, आणि बरीच वर्षं होता. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एक बिट आहे, टीएस नावाचं. प्रोग्रॅम बदलताना कर्नलने वेक्टर रजिस्टरांना हात न लावता हे बिट फक्त उभं करून ठेवायचं. नव्या प्रोग्रॅमने वेक्टर आज्ञा दिली की प्रोसेसर अडतो आणि कर्नलला हाक मारतो. मग कर्नल आधीच्याचं काढून ठेवतो, याचं मांडतो, बिट आडवं करतो आणि म्हणतो, चल. ज्याने कधीच मागितलं नाही त्याच्यासाठी काहीच श्रम नाहीत. जिथे फारच थोडे प्रोग्रॅम दशांशाचं गणित करायचे त्या काळात हे शहाणपणाचं होतं.

पुढे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे तंबोरा सगळ्यांनाच लागायला लागला. मेमरीतला मजकूर इकडून तिकडे नेणं, शब्दाची लांबी मोजणं, असल्या फुटकळ कामांनाही सी लायब्ररी वेक्टर वापरू लागली. मग प्रत्येक पथक बसल्या बसल्या तंबोरा मागणार असेल, तर त्याने मागेपर्यंत थांबण्यात मिळवलं काय? उलट अडणं, हाक मारणं, परत जाणं हेच महाग पडायला लागलं. लिनक्सने २०१६ मध्येच आळस सोडला आणि पथक बदललं की लगेच जुळवायचा नियम केला.

दुसरी गोष्ट जून २०१८ मध्ये उघड झाली. त्या वर्षी जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर येऊन गेले होते. प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून बघतो आणि अंदाज चुकला तर पुसून टाकतो, पण पुसल्याचे डाग कॅशमध्ये, प्रोसेसरजवळच्या छोट्या साठ्यात, राहतात, हे जगाला कळलं होतं. त्याच कुळातला हा दोष, लेझी एफपी. टीएस उभं असताना वेक्टर आज्ञा आली की प्रोसेसर अडायचा खरा, पण अडण्याआधीच्या त्या पापणी लवण्याएवढ्या वेळात इंटेलचे प्रोसेसर पुढच्या काही आज्ञा आधीच्याच्या आकड्यांवर करून बघायचे. उत्तर फेकून दिलं जायचं. डाग वाचता यायचे. आणि या रजिस्टरांत काय असतं? एईएस एन्क्रिप्शनच्या खास आज्ञा नेमक्या याच रजिस्टरांवर चालतात, म्हणजे किल्ल्या. खांबाला टेकलेल्या तंबोऱ्याची तार छेडून आधीचा कोण ते ओळखायचा माझा लहानपणीचा खेळ, तोच खेळ. फक्त इथे एकाच मशीनवर दोन अनोळखी गिऱ्हाइकांचे गेस्ट शेजारी शेजारी असतात.

ती बातमी मी जेवताना बाबांना सांगितली. त्यांनी आमटीत भात कालवता कालवता विचारलं, "मग तारा उतरवून ठेवायच्या होत्या ना?" नेमका तोच उपाय होता.

माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट मात्र या सगळ्यापेक्षा सामान्य आहे आणि तिला कोणाही संशोधकाने नाव दिलेलं नाही. एका छोट्या कंपनीत मी चालू गेस्ट गोठवून फाइलमध्ये ठेवायचा आणि नंतर जिथल्या तिथे जागा करायचा कोड लिहिला. केव्हीएमकडून ही रजिस्टरं मागण्याचे दोन कॉल आहेत. एक जुना, एफपीयूच्या नावाचा, सुटसुटीत. दुसरा एक्ससेव्हच्या नावाचा, ज्याचा आराखडा समजायला इंटेलची जाडजूड पुस्तिका उघडावी लागते. मी जुना घेतला. त्यात सोळा रजिस्टरं मिळतात, प्रत्येकी १२८ बिट. मी मोजली, सोळा भरली, खूश झालो. वरचा अर्धा भाग, एव्हीएक्सने १२८ चे २५६ केले तो, त्या कॉलच्या गावीच नाही. तो येतो दुसऱ्या कॉलमधून. माझ्याकडे जागा झालेला प्रत्येक गेस्ट वरच्या अर्ध्यात शून्य घेऊन उठत होता.

आणि कुठेही काही बिघडत नव्हतं! तीन महिने. कारण कंपायलर शहाणे असतात. २५६ बिटांचं काम संपलं की वरचा अर्धा भाग शून्य करून ठेवायची एक आज्ञा ते आपणहून घालतात, नाहीतर जुन्या एसएसई आज्ञांशी सांगड घालताना वेग पडतो. म्हणजे बहुतेक वेळा तिथे शून्यच असायचं आणि मी शून्यच ठेवत होतो. चूक आणि बरोबर यांचं उत्तर एकच. बिघडायचं ते गेस्ट नेमका एखाद्या लांबलचक बेरजेच्या मधोमध गोठला तर. मग जागा झाल्यावर तो बेरीज पुरी करायचा, आत्मविश्वासाने, आणि चुकीची. एका गिऱ्हाइकाच्या बॅकअपची पडताळणी दोन-तीन आठवड्यांतून एकदा फसू लागली. पुन्हा चालवली की पास. आम्ही डिस्कवर संशय घेतला, मेमरीवर घेतला, नेटवर्कवर घेतला. गिऱ्हाइकाच्या माणसावर घेतला, याची मला अजून लाज वाटते.

सापडलं कसं, तर अगदी बिनडोक मार्गाने. प्रत्येक रजिस्टरात ओळखीचा आकडा भरायचा आणि मग काहीही न करता फक्त फिरत राहून बघायचं की तो तसाच आहे का. लिनक्सच्या स्वतःच्या चाचण्यांत एआरएम या दुसऱ्या घराण्यातल्या प्रोसेसरसाठी असले प्रोग्रॅम आहेतच. मी माझ्यापुरता एक लिहिला, गेस्टमध्ये सोडला आणि रात्रभर त्याला गोठवत-उठवत राहिलो. श्रावणच होता. लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टर कण्हत होता. खरं तर पहिल्याच गोठवणीत त्याने बोंब मारली होती, पण मी बघितलं पहाटे, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला तेव्हा. पडद्यावर सोळाच्या सोळा ओळी, प्रत्येकीचा खालचा अर्धा बरोबर आणि वरचा अर्धा कोरा. इतकी नीटनेटकी चूक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

एआरएमकडचा प्रकार आणखी निराळा. त्यांच्या एसव्हीई या वेक्टर पद्धतीत, जी २०१६ मध्ये जाहीर झाली, रुंदी ठरलेलीच नाही. चिप बनवणाऱ्याने १२८ पासून २,०४८ बिटांपर्यंतच्या ठराविक रुंदींतली हवी ती निवडावी. फुजित्सूने ५१२ घेतली आणि त्या चिपांवरचा फुगाकू २०२० मध्ये जगातला सर्वांत वेगवान महासंगणक ठरला. दुसऱ्या कुणी २५६ घेतली, कुणी १२८. प्रोग्रॅम रुंदी विचारून घेतो आणि त्याप्रमाणे चालतो. छानच. पण चालू गेस्ट एका मशीनवरून दुसरीकडे हलवायचा झाला तर? ज्याने सकाळी विचारून ठेवलं की तारा चार, त्याला दुपारी तीन तारांचा तंबोरा हातात देता येत नाही. म्हणून गेस्टला पहिल्यांदा जागं करण्याआधीच त्याची कमाल रुंदी कायमची मुक्रर करावी लागते, आणि ती मशीनच्या ताकदीवर नाही, तर तो उद्या जिथे जाऊ शकेल त्यातल्या सर्वांत गरीब मशीनवर. आमच्या तरुण सहकाऱ्यांना हे फार खटकतं. एवढं रुंद हार्डवेअर आणि निम्मं झाकून ठेवायचं! इंटेलकडेही तेच आहे: ५१२ दाखवून उठवलेला गेस्ट ती नसलेल्या मशीनवर गेला की पहिल्याच आज्ञेला कोसळतो. मला त्यात कंजुषी दिसत नाही. परगावी भजनाला जाणारा बुवा तिथे काय वाद्यं आहेत ते विचारूनच काय गायचं ते ठरवतो.

शिवाय आळस तिथेही नडला. एआरएमच्या केव्हीएममध्ये यजमानाचे, म्हणजे होस्टचे, सूर गेस्टने वेक्टर मागेपर्यंत जपून ठेवत नसत. मागितले की तेव्हाच, गडबडीत, काढून ठेवायचे. पण यजमान एसव्हीई वापरतोय का याच्या नोंदी दोन: एक कर्नलच्या वहीत, एक प्रोसेसरच्या बिटांत. काही वेळा त्या जुळेनात, आणि रुंद रजिस्टरांचा वरचा भाग वाऱ्यावर जाई. यजमानाकडचा क्यूएमयूच मेमरी हलवता हलवता कोसळायला लागला. २०२५ च्या सुरुवातीला तो सगळा चाणाक्षपणा काढून टाकला गेला. आता गेस्टला आत घेण्याआधी यजमानाचं सगळं, लागो न लागो, जपून ठेवायचं. ती दुरुस्ती वाचताना मला हसू आलं, कारण आमच्या देवळात हे होऊन गेलं होतं. एका वर्षी बाबांना ताप होता म्हणून शेजारच्या वाड्यावरचे एक काका मदतीला बसले. बाबांना वाटलं काकांनी लावला, काकांना वाटलं बाबांनी लावला. बुवांनी 'सा' लावला आणि तंबोरा दीड सूर खाली. बुवा थांबू शकत नव्हते. नाद तुटायचा नाही ना! त्यांनी सरळ आपली पट्टी उतरवली आणि तासभर खर्जात गाऊन काढला. प्रोसेसरकडे एवढा समजूतदारपणा नसतो.

बाबांच्या बोटांत आता खुंटी पिळण्याचा जोर नाही. गेल्या श्रावणापासून पथकं आपापल्या फोनमधला तंबोरा घेऊन येतात. ज्याची पट्टी त्याच्या खिशात, जुळवणं नाही, उतरवणं नाही. देवस्थानाने एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन दिला आहे. मी बाबांना म्हटलं, बघा, ज्याची स्थिती त्यानेच सांभाळायची, आमच्या धंद्यात याहून मोठं सुख नाही. ते काही बोलले नाहीत. खांबाला टेकून बसले होते, आधी तंबोरा असायचा त्याच जागी.

रात्री साडेबाराला पथक बदललं. टाळ हातोहात गेले. नवे बुवा मांडी घालून बसले, फोन पुढ्यात ठेवला, बटण दाबलं, डोळे मिटून नमनाचा पहिला स्वर लावला. तेवढ्यात मघाचे बुवा पायऱ्यांवर चपला शोधत उभे होते, स्पीकर अजून त्यांच्याच फोनशी जोडलेला, आणि खिशात कुठेतरी बोट लागलं असावं. काळी एकचा तंबोरा गाभाऱ्यापर्यंत घुमला. नवे बुवा पांढरी दोनमध्ये. टाळ चालूच.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हो सूर कोणाचो?"